हप्त्याहप्त्याने पैसे येणारं डिफेन्स कंत्राट आणि नव्वद दिवसांचं पत्र

मीनल_मेरीलँड | ८ जुलै २०२५, रात्री १०:४०

नमनाला घडाभर तेल नको, थेट सांगते. इथे अमेरिकेत सरकारी कंत्राटांच्या कामात असलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून धागा काढतेय.

मेरीलँडमधल्या एका लहान कंपनीत कॉन्ट्रॅक्ट्स बघते. आम्ही सगळे मिळून ३८ जण. तीन वर्षं अकाउंट्सला होते. आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि मागच्या वर्षी मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. कंपनी, प्रोग्रॅम, कमांड काही विचारू नका, सांगणार नाही. खालचे आकडेही बदललेत, प्रमाण तेवढं खरं ठेवलंय.

आमचं एक फिक्स्ड प्राइस (आधीच ठरलेल्या किमतीचं) प्रकारचं संशोधनाचं कंत्राट आहे. पूर्ण किंमत मोठी, पण सरकारने आत्तापर्यंत त्यावर ४० लाख डॉलरच ठेवलेत. बाकीचे पुढच्या हप्त्यांनी येणार, त्याचं वेळापत्रक कंत्राटातच छापलंय. त्यात डीफार्सचा (संरक्षण खात्याच्या खरेदी-नियमांचा) लोगो क्लॉज आहे, म्हणजे 'लिमिटेशन ऑफ गव्हर्नमेंट्स ऑब्लिगेशन', सरकारच्या देण्याची मर्यादा, क्रमांक २५२.२३२-७००७. त्यात म्हटलंय की काम ८५ टक्क्यांच्या टप्प्याला पोहोचायच्या ९० दिवस आधी आम्ही लेखी कळवायचं.

माझ्याकडे वारसाने आलेल्या एक्सेलमध्ये एकच ओळ होती: 'एकूण बिलं ÷ एकूण निधी'. ३० जूनला ती ४९ टक्के दाखवत होती. बिलं १९.६ लाखांची. त्या हिशेबाने ८५ टक्के डिसेंबरच्या सुरुवातीला येतात, म्हणजे पत्र सप्टेंबरमध्ये. निवांत होते.

काल जूनची वही बंद करताना सहज क्लॉज पुन्हा वाचला आणि पोटात गोळा आला. तिथे 'बिल' हा शब्दच नाही. सरकारने आज कंत्राट रद्द केलं तर सरकार आम्हाला एकूण किती देणं लागेल, रद्द करण्याच्या खर्चासकट, ती रक्कम मोजायची आहे. मग रात्री बसून मांडलं:

झालेला खर्च (बिल झालेला आणि न झालेला) २२.४ लाख. त्यावरचा नफा १.८. दिलेल्या पण माल न आलेल्या ऑर्डरी आज रद्द केल्या तर व्हेंडरांना द्यावे लागतील ते ५.१. सेटलमेंटचा कागदोपत्री खर्च ०.७. बेरीज ३० लाख.

४० चे ८५ टक्के म्हणजे ३४ लाख. ही बेरीज महिन्याला साधारण २.४ लाखांनी वाढते. म्हणजे तो टप्पा येतो १९ ऑगस्टच्या आसपास, आणि त्याच्या ९० दिवस आधीची तारीख होती २१ मे.

आज ८ जुलै आहे.

साहेबांना सांगितलं तर म्हणाले, 'अगं, परवाच सरकारी पीएमशी (प्रोग्रॅम मॅनेजरशी) बोललो, पैसे येतायत.' आता मी काय करू? उशिराचं पत्र द्यायचं की पैसे येईपर्यंत गप्प बसायचं?

---

हंट्सविलकर | ८ जुलै, रात्री ११:१५

उद्या सकाळी पत्र. उद्या म्हणजे उद्या.

आणि तारीख मागची टाकायचा मोह कोणाला झाला तर त्याला खोलीबाहेर काढा. उशीर ही चूक आहे, खोटी तारीख हा गुन्हा आहे.

---

अण्णा_डेटन | ८ जुलै, रात्री ११:५२

मीनल, आधी श्वास घे. एकवीस वर्षं या धंद्यात आहे, हा घोळ मी मोठमोठ्या कंपन्यांत पाहिलाय. अकाउंट्समधून आलेला प्रत्येक माणूस सुरुवातीला बिलं मोजतो, कारण त्याच्या जगात बिल हेच सत्य असतं.

तुझ्या साहेबांच्या वाक्याबद्दल बोलतो, कारण खरा धोका तिथे आहे. पीएम हा तांत्रिक माणूस. तो प्रामाणिक असेल, त्याच्या फाइलमध्ये पैसे खरंच येतही असतील. पण कंत्राटावरचा निधी वाढतो तो एकाच कागदाने, कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरच्या (सीओच्या) सहीच्या मॉडने, म्हणजे कंत्राटातल्या अधिकृत लेखी बदलाने. आपल्या भाषेत एसएफ-३०. तो कागद हातात येईपर्यंत ४० लाख म्हणजे ४० लाख. कॉस्ट प्रकारच्या (झालेला खर्च सरकार भरून देतं अशा) कंत्राटांचा जो क्लॉज आहे, फार ५२.२३२-२२, त्यात तर स्पष्टच लिहिलंय की सीओखेरीज कोणीही, कोणत्याही स्वरूपात काहीही सांगितलं तरी निधीच्या रकमेवर त्याचा परिणाम होत नाही. चहा पिताना दिलेलं आश्वासन तर सोडाच, पीएमचा ईमेलसुद्धा चालत नाही.

(नव्या वाचकांसाठी: फार म्हणजे सरकारी खरेदीची नियमावली, 'खूप' नव्हे. तशी ती खूपही आहे. डीफार्स म्हणजे संरक्षण खात्याची तिला जोडलेली पुरवणी.)

---

भोसरीचा_लेथवाला | ९ जुलै, सकाळी ६:०५

इकडे सकाळ कधीच उलटली, चहा घेता घेता वाचतोय. माझा भोसरीला जॉबवर्कचा छोटा कारखाना, त्यामुळे अडाणी प्रश्न. सरकार एक कोटीची ऑर्डर देतं आणि म्हणतं सध्या चाळीस लाखच धरा. मग वरच्या साठ लाखांचं काम मी का करायचं? आणि नाही केलं तर उशिराचा दंड माझ्याच डोक्यावर का?

आमच्याकडे रडगाणं वेगळं. काम पूर्ण, माल पोचला, बिल गेलं, आणि पैसे नाहीत. एमएसएमईचा २००६ चा कायदा म्हणतो ४५ दिवसांत द्या. कायदा म्हणतो.

---

अण्णा_डेटन | ९ जुलै, सकाळी ८:२०

लेथवाले, प्रश्न अडाणी नाही, हाच मुद्दा आहे. उत्तर: करायचंच नाही. क्लॉज सांगतो की ठेवलेल्या निधीपलीकडे काम करायचा तुम्हाला अधिकारच नाही. सरकारही वरचे पैसे द्यायला बांधील नाही, टर्मिनेशनचा (कंत्राट रद्द करण्याचा) क्लॉज काहीही म्हणत असला तरी. दोन्ही बाजूंना एकच भिंत.

आणि दंडाचं म्हणाल तर, सरकारने कंत्राटात छापलेल्या तारखेला हप्ता टाकला नाही, केवळ त्यामुळे तुमचा खर्च वाढला किंवा उशीर झाला, आणि पैसे नंतर आले, तर किंमत आणि मुदत वाढवून मागायचा हक्क लोगो क्लॉजच देतो.

हे सगळं का, तर इथे एक जुना कायदा आहे, अँटिडेफिशियन्सी ॲक्ट. संसदेने मंजूर न केलेले पैसे कोणत्याही अधिकाऱ्याने कबूल करायचे नाहीत. केले तर कारवाई त्या अधिकाऱ्यावर. त्यामुळे सीओ त्या आकड्याच्या पुढे एक डॉलरही बोलत नाही. आपल्याला तो खडूस वाटतो, पण त्याची स्वतःची मान अडकलेली असते.

संशोधनाचा निधी संसद वर्षावर्षाने देते, म्हणून संशोधनाची कंत्राटं हप्त्यांवर चालतात. शस्त्रांच्या उत्पादनाला साधारणपणे पूर्ण निधी आधी ठेवावा लागतो. विमानवाहू जहाजासारखं प्रचंड काम असेल तर हप्त्यांसाठी संसदेची वेगळी परवानगी लागते.

---

खडूस_ऑडिटर | ९ जुलै, सकाळी ९:३७

आयडीवरून कळलं असेलच. निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

मीनलताई, तुमची बेरीज बरोबर आहे, बहुतेक लोक ५.१ लाखांची ओळ विसरतात. पण ती ओळ कुठून आली? प्रत्येक पीओचं (व्हेंडरला दिलेल्या खरेदी ऑर्डरीचं) रद्द करण्याचं कलम वाचलंत, की एकूण शिल्लक ऑर्डरींवर ढोबळ टक्केवारी लावलीत? माझ्या नोकरीत मी दुसरंच जास्त पाहिलं. 'शिल्लक ऑर्डरींच्या ५० टक्के', बस्स. का ५०? कोणाला माहीत नाही. पूर्वीपासून आहे.

दुसरं. इथे दोन क्लॉजची खिचडी होऊ देऊ नका. अण्णांनी ५२.२३२-२२ चा उल्लेख केला, तो कॉस्ट-रिइम्बर्समेंट कंत्राटांचा, त्याचं मोजमाप वेगळं. तिथे ७५ टक्के आणि ६० दिवस. पुढच्या ६० दिवसांत होणारा खर्च अधिक आजवर झालेला खर्च मिळून निधीच्या ७५ टक्क्यांवर जाणार असं वाटलं की लगेच कळवायचं. समजा निधी १२ लाख, झालेला खर्च ६.१ लाख. वरवर बघता निम्माच. पण पुढच्या ६० दिवसांत ३.१ लाख जाणार असतील तर बेरीज ९.२, आणि ७५ टक्के म्हणजे ९. पत्र आजच द्यायचं. शिवाय कंत्राटात छापलेला कालावधी संपायच्या ६० दिवस आधी एक वेगळं पत्र द्यावं लागतं, ते तर हमखास विसरतात.

हे आकडेही दगडावरची रेघ नाहीत. सीओ ६० चे ३० ते ९० दिवस करू शकतो, ७५ चे ८५ टक्क्यांपर्यंत नेऊ शकतो. लोगोमध्ये ९० चे ६० किंवा ३० होऊ शकतात. त्यामुळे इंटरनेटवरचा क्लॉज वाचू नका, आपल्या कंत्राटाचं सेक्शन आय (क्लॉजचा भाग) काढा. एप्रिलपासून तर 'फार' नियमावलीच नव्याने लिहायला घेतलीय, वेबसाइटवर काय दिसेल सांगता येत नाही. तुम्ही सही केलेल्या कागदावर जे आहे तेच तुम्हाला लागू.

---

मीनल_मेरीलँड | ९ जुलै, दुपारी १२:४८

@खडूस_ऑडिटर, डब्यातली पोळी हातात धरून पीओ वाचतेय. ढोबळच लावलं होतं. कबूल.

सगळ्यात मोठी ऑर्डर कास्टिंगची. पान ३, कलम ७: ऑर्डर रद्द केल्यास साच्यांची पूर्ण किंमत, अधिक ओतून झालेल्या नगांची पूर्ण किंमत, अधिक सुरू असलेल्या कामाचा प्रमाणशीर हिस्सा. व्हेंडरला फोन केला. साचे मार्चमध्येच तयार झालेत. बिल? 'सगळा माल एकदम पाठवताना करू.' म्हणजे मार्चपासून आमच्या डोक्यावर असलेली रक्कम आमच्या वहीत कुठेच नव्हती.

नशिबाने दुसऱ्या दोन ऑर्डरी बिनशर्त रद्द करता येतात, त्यामुळे एकूण ५.१ चे ५.२ झाले. निव्वळ योगायोगाने वाचले.

पत्र लिहून तयार आहे. साहेब म्हणतात वकिलाला दाखवू, मग पुढच्या आठवड्यात.

---

हंट्सविलकर | ९ जुलै, दुपारी १:०२

वकिलाला जरूर दाखवा. आज.

---

सबकॉन_संजू | ९ जुलै, दुपारी २:३०

मी दुसऱ्या टोकाला आहे, सबकॉन्ट्रॅक्टर. सरकारला द्यायचे ९० दिवस, म्हणून आमच्या प्राइमने (मुख्य कंत्राटदाराने) आमच्याकडे १२० लिहिलेत, आपलं पत्र बनवायला त्यांना महिना हवा म्हणून. आमच्या खाली आणखी एक आहे, त्याच्याकडे १५०. आता त्या बिचाऱ्याला पाच महिने आधी सांगायचंय की पैसे कधी संपतील, आणि त्याला मुळात निधीच चार महिन्यांचा दिलेला असतो! म्हणजे सही केल्या दिवशीच त्याची मुदत उलटलेली. तो दर महिन्याच्या एक तारखेला तेच पत्र पाठवतो, नुसता आकडा बदलून.

---

खडूस_ऑडिटर | ९ जुलै, दुपारी ३:१०

संजू, हसू नका. तो माणूस तुम्हा सगळ्यांत शहाणा आहे.

---

युटाचा_पाहुणा | ९ जुलै, संध्याकाळी ७:४४

टर्मिनेशनची रक्कम निधीतच धरायची का, यावरून एकदा फार मोठं महाभारत झालंय, इथे सांगण्यासारखं आहे. संरक्षण खात्याचं नाही, नासाचं, पण क्लॉजचा मुद्दा हाच.

२०१० साली ओबामा सरकारने चंद्रमोहिमेचा कॉन्स्टेलेशन प्रोग्रॅम गुंडाळायचं ठरवलं. संसदेने मात्र त्या वर्षाच्या निधीत कार्यक्रम बंद करायला मनाई केली होती. मग जूनमध्ये नासाने संसदेला कळवलं की कंत्राटदारांनी टर्मिनेशनची रक्कम आपापल्या निधीत राखून ठेवलेली नाही, ती आता ठेवावी लागेल. सगळ्यांची मिळून ती जवळजवळ एक अब्ज डॉलर. म्हणजे काम रद्द न करताच कामाचे पैसे गायब. इतकी वर्षं कोणी तो नियम कडकपणे लावला नव्हता. कंत्राटदारांचं म्हणणं, रद्द झालंच तर नासा वेगळे पैसे आणेल असाच समज होता. संसदेतले लोक म्हणाले, हा मागच्या दाराने प्रोग्रॅम बंद करायचा डाव आहे. डाव असेल नसेल, क्लॉजमध्ये लिहिलेलं होतंच ना.

मी तेव्हा युटामध्ये होतो. तिथे याच प्रोग्रॅमच्या एरिस रॉकेटचं काम चालायचं. गावातल्या प्रत्येक किराणा दुकानात 'टर्मिनेशन लायबिलिटी' हा शब्द ऐकू यायचा. एरवी तो माहीत असलेली माणसं गावात दहा असतील.

---

अण्णा_डेटन | ९ जुलै, रात्री ८:२६

छान आठवण. मोठ्यांना दुसरी एक पळवाट असते, ती लहानांच्या उपयोगाची नाही, पण माहीत असावी. डीफार्समध्ये स्पेशल टर्मिनेशन कॉस्ट्सचा क्लॉज आहे. नोकरी जाणाऱ्यांची भरपाई, न संपलेली भाडी, असे काही ठरावीक खर्च निधीतून बाजूला काढून सरकार स्वतःकडे राखीव ठेवतं. पण कंत्राट दोन वर्षांचं तरी हवं, आणि संशोधनाचं असेल तर २.५ कोटी डॉलरच्या वरचं. आपल्यासारख्यांनी नाद सोडावा.

तरी मोठेही अडकतातच. २०१६ मध्ये एफ-३५ लढाऊ विमानांच्या नवव्या आणि दहाव्या लॉटच्या (तुकडीच्या) वेळी किंमत ठरायला इतका वेळ लागला की ठेवलेला निधी पुरेना. लॉकहीड मार्टिनने आपल्या तिमाही अहवालात गुंतवणूकदारांना लिहून कळवलं की आम्ही पदरचे पैसे घालून काम चालू ठेवलंय आणि टर्मिनेशनचा धोकाही आमच्या डोक्यावर आहे. त्यांना पदर मोठा आहे. ३८ माणसांच्या कंपनीने तसं केलं तर दोन पगारांत विषय संपतो.

---

नवखी_नेहा | १० जुलै, सकाळी ७:५०

मध्येच विचारते. आमच्याकडे दर तिमाहीला सीएफएसआर (कंत्राटाच्या निधीचा स्थिती-अहवाल) जातो, डीडी फॉर्म १५८६. त्यात निधी, खर्च, शिल्लक ऑर्डरी, पुढचा अंदाज, अगदी टर्मिनेशनचा अंदाजही असतो. तो सरकारला मिळतोच. मग हे वेगळं पत्र कशाला? त्यांना माहीतच आहे की!

---

खडूस_ऑडिटर | १० जुलै, सकाळी ८:४१

नेहा, या प्रश्नावर मी निम्मी नोकरी काढली.

सीएफएसआर हा अहवाल आहे. तो सरकारच्या बजेटवाल्यांसाठी असतो. पुढच्या वर्षी किती मागायचे, कुठल्या कंत्राटावर जास्त पडलेत ते काढून घ्यायचे का, रद्द केलं तर साधारण किती पडेल, हे त्यांना हवं असतं. तो सीडीआरएलच्या (कंत्राटात मागितलेल्या अहवालांच्या) यादीनुसार जातो, त्या पत्त्यावर. बऱ्याचदा सीओ तो उघडतही नाही. शिवाय तो तिमाहीचा. एप्रिल ते जूनचे आकडे जुलैच्या उत्तरार्धात पोचणार, आणि पत्राची मुदत मेमध्येच उलटलेली असेल तर काय उपयोग? मीनलताईंचंच उदाहरण घ्या.

नोटीस म्हणजे क्लॉजने घातलेलं कर्तव्य. ती सीओच्या नावाने, लेखी, क्लॉजचा क्रमांक लिहून जाते. सीएफएसआर गेला म्हणून नोटीस दिली असं धरणं म्हणजे लग्नाचा फोटो फेसबुकवर टाकून 'आमंत्रण दिलं होतं की' म्हणण्यासारखं आहे.

आणि तुमच्या सीएफएसआरमध्ये एक आकडा, पत्रात दुसरा, असं होऊ देऊ नका. मी पहिली गोष्ट तीच तपासायचो. दोन कागद शेजारी ठेवायचे, बस्स.

---

हंट्सविलकर | १० जुलै, सकाळी ९:१५

फर्म फिक्स्ड प्राइस असेल तर सीएफएसआर सहसा मागतच नाहीत. मग ते पत्र हाच एकमेव भोंगा.

---

मीनल_मेरीलँड | १० जुलै, दुपारी ४:२०

गेलं. ३:५२ ला. सीओला, प्रत एसीओला (कंत्राटाची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला) आणि पीएमला. वकिलांनी दोन विशेषणं काढली आणि एक वाक्य घातलं.

पत्रात काय आहे ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर. पहिल्या ओळीत कंत्राट क्रमांक, कोणती सीएलआयएन (कंत्राटातली कामाची बाब), आणि 'क्लॉजच्या परिच्छेद (सी) नुसार ही नोटीस'. मग आमच्या अंदाजाने ८५ टक्क्यांचा टप्पा १९ ऑगस्टच्या सुमारास येतो. वेळापत्रकातला पुढचा हप्ता १५ नोव्हेंबरचा, तिथपर्यंत पोचायला किती लागतील तो आकडा. त्यानंतरच्या कालावधीसाठी किती, तो आकडा. आणि वकिलांनी घातलेलं वाक्य: ही नोटीस ९० दिवसांपेक्षा कमी मुदतीची आहे याची आम्हाला जाणीव आहे, ३० जूनअखेरचा हिशेब करताना ही बाब लक्षात आली. माफी नाही, सबब नाही. साहेबांना ते वाक्य नको होतं. वकील म्हणाले, तारखा दोन्ही कागदावर आहेत, वजाबाकी सीओलाही येते.

एक शंका राहिली. उशिरामुळे आमचं नक्की नुकसान काय? सीओ 'नियम मोडलात' म्हणून पैसे नाकारू शकतो का?

---

खडूस_ऑडिटर | १० जुलै, संध्याकाळी ५:३३

तुमच्या बाबतीत अजून काही बिघडलेलं नाही, कारण तुम्ही निधी ओलांडलेला नाही. ४० लाखांच्या आतलं काम झालंय, ते तुमचंच. तुम्ही सीओचा वेळ खाल्लात, एवढंच. त्याला पैसे हलवायला तीन महिने मिळायला हवे होते, त्याला चाळीस दिवस मिळाले. त्याने वेळेत नाही आणले तर क्लॉजप्रमाणे तेवढं काम टर्मिनेट करायचं, आणि तेव्हा 'सरकारच्या उशिरामुळे आमचा खर्च वाढला' म्हणायला तुमची बाजू लंगडी. तुमच्याच उशिराचा कागद समोर असेल.

ओलांडल्यावर नोटीस न दिलेल्यांची गोष्ट वेगळी. कॉस्ट कंत्राटांत त्यावर कोर्टात बरीच भांडणं झालीत. १९६९ च्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रकरणात कोर्ट ऑफ क्लेम्सने कंत्राटदाराची बाजू घेतली. हिशेब चोख ठेवूनही, स्वतःचा दोष नसताना, खर्च वाढणार हे त्याला कळण्यासारखंच नसेल तर नुसती नोटीस नव्हती म्हणून पैसे नाकारता येत नाहीत. झालं, तेव्हापासून प्रत्येक जण म्हणतो 'आम्हाला कळलंच नाही'. १९८६ मध्ये आरएमआयच्या प्रकरणात फेडरल सर्किट या अपील कोर्टाने ते दार जवळजवळ लोटून घेतलं. वही तुमची, हिशेब तुमचा, तुम्हाला कळायलाच हवं होतं. आता त्या फटीतून क्वचित कोणी जातं. 'आमची अकाउंटवाली बाई निवृत्त झाली' या सबबीवर तर कोणीच नाही.

---

मीनल_मेरीलँड | १० जुलै, संध्याकाळी ५:४०

शेवटचं वाक्य मला होतं ना. 😄

---

खडूस_ऑडिटर | १० जुलै, संध्याकाळी ५:४१

होय.

---

शांततावादी | १० जुलै, रात्री ९:०९

शस्त्रांच्या धंद्यातल्या पैशांची काळजी मराठी माणसाने का करावी, हा प्रश्न कोणालाच पडला नाही याचं वाईट वाटतं.

---

भोसरीचा_लेथवाला | ११ जुलै, सकाळी ५:५८

वेगळा धागा काढा साहेब, तिथे येऊन भांडतो. इथे माझं शिक्षण चाललंय.

मला यातून जे घ्यायचं ते घेतलं. काल संध्याकाळी माझ्या सगळ्या ऑर्डरी काढून बसलो. कोणी माझं काम मध्येच रद्द केलं तर कच्च्या मालाचे पैसे देणार असं लिहिलंय अशा दोन. बाकी नऊ ऑर्डरींत त्यावर एक शब्द नाही. सौ. म्हणाली, एवढी वर्षं काय वाचत होतात? किंमत आणि तारीख, दुसरं काय वाचतो माणूस.

---

सबकॉन_संजू | ११ जुलै, सकाळी १०:२२

सगळ्यांना आणखी एक आठवण. १ ऑक्टोबर, सरकारी आर्थिक वर्षाची सुरुवात, जवळ येतोय. यंदाचं वर्ष तर सगळंच सीआरवर (बजेटऐवजी जुन्या निधीला मुदतवाढ देणाऱ्या ठरावावर) काढलं, मार्चमध्ये वर्षभराचा सीआर झाला. पुढच्या वर्षाचं कोणास ठाऊक. शटडाउन (निधी मंजूर नसल्याने सरकारी कामकाज बंद) झालाच तरी कंत्राटावर आधीच टाकलेले पैसे कुठे जात नाहीत, त्या मर्यादेत काम सहसा चालू ठेवता येतं. २०१८-१९ चा ३५ दिवसांचा शटडाउन आम्ही तसाच काढला (तेव्हा संरक्षण खात्याचं बजेट आधीच मंजूर होतं, पण आमचं काम दुसऱ्या खात्याचं). अडकतं कुठे, तर सीओ घरी आणि तुमची मॉड त्याच्या टेबलावर. म्हणून सप्टेंबरअखेर ज्यांचा टप्पा येतो त्यांनी आत्ताच हालचाल करा. पत्राला सीओकडून 'मी रजेवर आहे' असं आपोआप उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. पत्र पोचल्याची वेळ त्यात असते.

---

मीनल_मेरीलँड | ६ ऑगस्ट, रात्री ९:१८

धागा वर काढते, शेवट सांगायचा राहिला.

पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी सीओचा फोन आला. मला वाटलं ओरडा बसणार. बाईंनी शांतपणे विचारलं, '५.२ लाख टर्मिनेशनचे, ते कशावरून?' मी पीओंची कलमं आणि व्हेंडरचं ईमेल पाठवलं. त्यावर पुन्हा काही विचारलं नाही. पीएमकडून कळलं की त्यांच्याकडेही आमचा निधी 'निम्मा शिल्लक' असाच दिसत होता. त्यांचा स्रोत? आमची बिलं. म्हणजे साहेब आणि पीएम 'पैसे येतायत, घाई नाही' असं एकमेकांना सांगत होते, दोघेही त्याच एका ओळीवर विसंबून.

काल मॉड आली. ९ लाख. मागितले होते त्याहून कमी, पण काम थांबणार नाही. एकूण निधी ४९ लाख.

साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि केक मागवला. केक खाऊन जागेवर आले आणि नवी शीट उघडली. ४९ चे ८५ टक्के ४१.६५. जुलैअखेर आमची बेरीज ३२.४. महिन्याला २.४. टप्पा येतो २५ नोव्हेंबरच्या आसपास. १५ नोव्हेंबरचा हप्ता वेळेत आला तर प्रश्न नाही, पण क्लॉज म्हणतो वेळापत्रकातल्या तारखा काहीही असोत, कळवायचंच.

२५ नोव्हेंबरच्या ९० दिवस आधी म्हणजे २७ ऑगस्ट. मॉडची शाई वाळायच्या आत पुढचं पत्र. कॅलेंडरमध्ये टाकायला गेले तर त्या चौकोनात आधीच लिहिलेलं: गणेश चतुर्थी, सुट्टी.

सोमवारी २५ तारखेलाच पाठवतेय. वकिलांना मसुदा उद्या जाईल.